चूल, गोठा आणि उकिरडा

हरळीशी काळ्या रानातल्या शेतकऱ्याचं वैर जुनं आहे. मुळं खोल जातात, वरून खुरपली तर पंधरा दिवसांत पुन्हा डोकं काढते, आणि मुळीचा बोटभर तुकडा रानात राहिला तरी त्यातून नवा पसारा उभा राहतो. धाराशिव जिल्ह्यात हरळी आणि कुंदा माजलेलं रान दिसलं की गाव मालकाला नावं ठेवायचा. उन्हाळ्यात माणसं लावून, कुदळीने खणून, मुळ्या वेचून बांधावर वाळत टाकायच्या, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लाकडी नांगराला दाद न देणारी ही मुळं उलथून काढायला नवं हत्यार मिळालं. गंमत अशी की ज्या गवताच्या नायनाटासाठी इथे घाम गाळला गेला तेच गवत शहरातल्या क्लबांच्या मैदानांवर आणि बंगल्यांपुढे हिरवळ म्हणून लाडाने वाढवलं गेलं. गणपतीला वाहतात ती दूर्वाही तीच.

आता अशा हिरवळीला रासायनिक खताऐवजी भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा कुजवून घालावा, असा सल्ला शहरात मिळतो. सल्ला चांगलाच आहे. पण धाराशिवकडे गवताला कुणी खाऊ घातलं नाही. घरातून जे निघायचं ते ज्वारीसाठी असायचं, आणि ज्वारीपर्यंतची त्याची वाट सरळ नव्हती.

जुन्या शेतकरी घरात ओला कचरा म्हणून फेकण्यासारखं फारसं काही उरतच नसे. शिळ्या भाकरीचा दुसऱ्या दिवशी कुस्करा व्हायचा. पिठाच्या चाळणीवर राहिलेला कोंडा, डाळीची चुणी, खरकटं पाणी म्हशीच्या आंबोणात किंवा गोठ्यातल्या दगडी डोणीत जायचं. मेथीच्या काड्या, शेंगांची टरफलं, भोपळ्याची साल दारातल्या शेळीपुढे पडायची. या भागातली काळी उस्मानाबादी शेळी देशभर नावाजली ती मांसासाठी आणि जुळ्या करडांसाठी, पण घरच्या बाईच्या लेखी तिचा आणखी एक उपयोग होता: ती स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्याचं रातोरात लेंडीखत करून द्यायची. न्हाणीतलं पाणी परसातल्या केळीला, कढीपत्त्याला, शेवग्याला. म्हणजे आज ज्याला आपण किचन वेस्ट म्हणतो ते आधी जनावराच्या पोटातून जायचं आणि मगच मातीकडे वळायचं.

उकिरड्यावर थेट पोचायची ती चुलीतली राख, घरातला केर, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, जनावरांनी न खाल्लेली कडब्याची चिपाडं आणि शेण. गावठाणाच्या कडेला प्रत्येक घराचा उकिरडा वेगळा असे. त्याची जागा ठरलेली, तिच्यावरून भांडणंही ठरलेली. भावाभावांत वाटणी झाली की बैल, विहिरीची पाळी आणि झाडं यांच्याबरोबर उकिरड्याचाही हिशेब व्हायचा, कारण तो वर्षभराचा ठेवा होता. चैत्र-वैशाखात तो फोडायचा, बैलगाडीत भरायचा, रानात ठरावीक अंतरावर लहान लहान ढीग घालायचे आणि मृगाआधी ते पांगवायचे. किती गाड्या खत पडलं, यावर रानाची पत ठरे. ज्याच्याकडे खत कमी पडे तो धनगराला गाठून चार रात्री रानात मेंढरं बसवून घेई आणि बदल्यात धान्य देई.

हे सगळं काम करणारे हात कोणाचे, हेही सांगायला हवं. गोठा झाडणं, शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्यापर्यंत जाणं हे बायकांचं. गाड्या भरणं-ओतणं हे सालगड्याचं. सातबारा मात्र दोघांच्याही नावावर नसायचा.

दिवाळीच्या पाडव्याला भल्या पहाटे घर झाडून केर आणि जुनी केरसुणी उकिरड्यावर नेऊन टाकायची आणि तिथे दिवा ठेवायचा, ही चाल महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी होती, अजूनही कुठे कुठे आहे. इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो, असं त्या वेळी म्हटलं जातं. अंगणात शेणाच्या गवळणी मांडायच्या त्याही याच सुमारास. शेणाला इतका मान देणाऱ्या समाजाने ते सगळं शेतात घातलं असेल, असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही, आणि या इतिहासातली मोठी गोष्ट तीच आहे.

शेणाचा मोठा वाटा चूल खायची.

काळ्या मातीच्या पट्ट्यात झाडी विरळ. बालाघाटाच्या उतारांवर थोडी बाभूळ, बोर, कुठे कडुनिंब. बाकी उघडी माळरानं. रोज दोन वेळा ज्वारीच्या भाकरी भाजायच्या तर जळण लागणारच. मग तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटं आणि या सगळ्यांहून जास्त, गोवऱ्या. पावसाळ्यात शेण थापता येत नाही म्हणून त्या चार महिन्यांचं शेण उकिरड्यावर जायचं. उरलेले आठ महिने भिंतींवर आणि माळावर गोवऱ्या वाळत असायच्या. गोवरी जळली की शेणातलं नत्र धुरावाटे निघून जातं. राखेत पालाश आणि थोडं स्फुरद तेवढं उरतं. शिवाय जमीन आणि भिंती सारवायला शेण लागे ते वेगळंच. हिशेब मांडला तर स्वयंपाकघराने शेताला जितकं दिलं त्याहून अधिक काढून घेतलं.

इंग्रज सरकारलाही हा प्रश्न पडला होता. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस फोल्कर १८८९ मध्ये हिंदुस्थानची शेती पाहायला आले आणि वर्षभराहून अधिक काळ हिंडले. १८९३ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अहवालाचा एक मुद्दा असा, की हिंदी शेतकरी शेण जाळतो ते अडाणीपणाने नव्हे, दुसरं जळण नाही म्हणून. सरकारने गावोगाव सरपण आणि चाऱ्याची राखीव रानं वाढवावीत, शेण आपोआप शेतात जाईल. त्याच्या दहा वर्षं आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गायरानं गिळल्याची आणि त्यामुळे जनावरं घटल्याची तक्रार मांडली होती. पाला, मेलेले किडे, जनावरांचे अवशेष यांचा कुजलेला कस पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो, तो अडवायला सरकारने ताली-बंधारे घालावेत, हेही त्यांनी सुचवलं होतं. खताचा प्रश्न हा मुळात कुरणाचा, सरपणाचा आणि पाण्याचा प्रश्न आहे, हे पुण्यातला एक माळी विलायतेच्या रसायनतज्ज्ञाआधी सांगून गेला. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात, नळदुर्ग जिल्ह्यात होतं. राज्य वेगळं असलं तरी चुलीत जळत होतं ते तेच.

मग शेकडो वर्षं घराघरातून निघालेली राख, हाडं, खापरं, केर गेला कुठे? पुष्कळसा गावाखालीच साचला. दख्खनच्या खेड्यात शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. वस्तीची माती खरोखरच फिकी असते, कारण मातीच्या भिंती पडून, वर नव्या उठून, मध्ये राखेचे थर बसून ती तयार होते. तेरणाकाठचं तेर हे याचं जिल्ह्यातलं ठळक उदाहरण. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं ‘तगर’ हे व्यापारी शहर येतं. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. ते तगर म्हणजे तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये मांडलं. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथे उत्खनन केलं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसाने उघडे पडलेले, खणताना वर आलेले मणी, मातीच्या मूर्ती, नाणी अशा हजारो वस्तू जमवल्या. गावातलं संग्रहालय त्यांच्याच नावाने उभं आहे आणि तिथली हस्तिदंती बाहुली पाहायला लांबून माणसं येतात.

अशा जुन्या पांढऱ्या शेतकऱ्यांनी मात्र खताच्या खाणी म्हणून वापरल्या. ओस पडलेल्या गावठाणाची माती गाड्या भरभरून रानात टाकायची, की दोन-तीन वर्षं पीक जोरात येतं, हा दख्खनभरचा अनुभव आहे. पुरातत्त्वज्ञांनी यावर कपाळाला हात लावला, कारण त्या गाड्यांतून सातवाहनांचे थरच्या थर निघून गेले. पण शेतकऱ्याची परीक्षा चुकीची नव्हती. माणूस जिथे राहतो तिथे राख, हाडं आणि उष्टं यांमुळे मातीत स्फुरद साठतं आणि ते सहजासहजी हलत नाही. स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस १९२०च्या दशकाच्या शेवटी साखरबीटासाठी जमिनी तपासत असताना त्याच्या लक्षात आलं की जिथे स्फुरद जास्त तिथे खाली जुनी वस्ती सापडते. त्यावरून जुन्या वस्त्या शोधण्याची एक पद्धतच निघाली. आपल्याकडचा कुणबी तीच खूण उलट्या दिशेने वापरत होता: वस्ती दिसते आहे, म्हणजे खत आहे.

हीच पांढरी माती डोक्यावरही होती. इथल्या घरांची माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवर बसवलेली मातीची सपाट छपरं, गळू नयेत म्हणून दर वर्षी पावसाआधी तिचा थर चढवायचे. जुना क्वचितच कुणी उतरवायचं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

घरचं अन्न थेट पिकाला घालण्याचा एक दिवस मात्र या जिल्ह्यात आहे. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या, बोलीत येळवस. लातूर आणि धाराशिवकडे तो दिवाळीइतकाच मोठा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. आदल्या रात्रीपासून बायका भज्जीच्या तयारीला लागतात. तूर, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, चिंच आणि बेसन एकत्र शिजून होणारी ही भज्जी तळलेल्या भजीशी नात्यात नाही. सोबत उंडे, गव्हाची खीर आणि रंगवलेल्या बिंदग्यातून डोक्यावर नेलेली आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली ही आंबील आधी कडब्याच्या कोपीतल्या लक्ष्मीला, मग उभ्या ज्वारीत फिरून पिकावर शिंपडायची, आणि मग माणसांनी प्यायची. एका बिंदग्याने दहा एकराचं काय होणार, असं शेतीच्या पदवीधराने विचारलं तर त्याला हसू नये. खत म्हणून तिची मात्रा नगण्यच. तरी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांचं म्हणणं इथे आठवतं. पूर्ण कुजलेल्या खतात सूक्ष्मजीवांसाठी खाद्य फारसं उरत नाही. त्यापेक्षा थोडासा हिरवा पाला किंवा साखरेसारखा सकस पदार्थ मातीत घातला तर जिवाणू झपाट्याने वाढतात आणि तेच पिकाला अन्न मोकळं करून देतात, असं ते मांडत आले. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतातही शेण-गोमूत्राबरोबर गूळ आणि डाळीचं पीठ येतं, म्हणजे स्वयंपाकघरातलेच दोन डबे. सगळे शास्त्रज्ञ हे मान्य करत नाहीत. पण आंबवलेलं पीठ मातीला आवडतं, ही समजूत येळवसच्या बाईला कुणी शिकवावी लागली नव्हती.

कचऱ्यातून खत करण्याचं शास्त्र जगाला ज्या प्रयोगाने शिकवलं तो इथून फार लांब झाला नाही. इंदूरला १९२४ मध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काळ्या कापसाच्या जमिनीवरच काम केलं. १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ मालावरचं त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा त्यावर दुसरं नाव होतं यशवंत वाड यांचं. हॉवर्ड यांना पुढे सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगाने डोक्यावर घेतलं. वाडांचं नाव मराठी वाचकालाही सहसा माहीत नसतं. इंदूर पद्धतीत उथळ खड्ड्यांत पालापाचोळा, शेणकाला, मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख थराथराने घालायची, तीन वेळा उलथायची आणि तीन महिन्यांत खत काढायचं. त्यातला एक तपशील फार बोलका आहे. पऱ्हाट्या आणि तुराट्या टणक, त्या कुजता कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या, गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ द्यायचा, आणि तो चुरा गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा.

युक्ती नामी होती. फक्त धाराशिवच्या घरात तुराटी रस्त्यावर पसरली असती तर भाकरी कशावर भाजायची, याचं उत्तर इंदूरच्या खड्ड्यात नव्हतं.

त्यावर थोडा तोडगा यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदहून आला. नारायण देवताव पांढरीपांडे, लोकांचे नाडेपकाका, यांनी कमी शेणात जास्त खत करण्याची रीत बसवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींत हवेसाठी छिद्रं ठेवलेलं विटांचं टाकं. त्यात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, शेण मात्र शंभर किलोच्या आत-बाहेर, आणि बाकी चाळलेली माती व पाणी. वरून लिंपून टाकायचं, तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. कृषी खात्याने ही टाकी गावोगाव बांधायला लावली. काही भरली गेली, काहींत पुढे शेळ्या बांधल्या गेल्या.

शेणच कमी पडू लागलं होतं, हे नाडेपमागचं कारण. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या. माणसं खडी फोडायला गेली आणि जनावरं बाजारात किंवा मरणाला. त्याच सुमारास युरियाची गोण गावात पोचली. एका बैलगाडीचं काम एका गोणीत होतंय म्हटल्यावर उकिरडा फोडायची घाई कोण करणार? नंतर ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. सोयाबीन आलं तशी ज्वारी मागे हटली, ज्वारीबरोबर कडबा गेला, आणि कडब्याशिवाय म्हैस कशावर पाळायची? पुढच्या दुष्काळांत, विशेषतः २०१२-१३ मध्ये, उरलेली जनावरं छावण्यांच्या दावणीला गेली.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट यात वेगळी. चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने हादरला आणि लातूर-धाराशिवमधली आठ ते दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षांच्या थरांनी जड झालेली माळवदं झोपलेल्यांवर कोसळली. पुनर्वसनात पन्नासेक गावं नव्या जागी वसली: रुंद रस्ते, चौकोनी आखणी, रांगेत सिमेंटची घरं. जीव वाचवणारी घरं होती, त्यांची थट्टा करू नये. पण त्या नकाशांत गोठ्याला आणि उकिरड्याला नीटशी जागा नव्हती. जनावरं रानात बांधली गेली किंवा विकली गेली, आणि घर ते गोठा ते उकिरडा ही वीस पावलांची वाट तुटली. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानेही अंगणाशेजारचे उघडे उकिरडे वाईटच ठरवले. माश्या, डास आणि रोगराई पाहता ते बरोबरच होतं.

भूकंपानंतरच्या बांधकामात गावातल्या बायकांना सरकार आणि लोक यांच्यातला दुवा म्हणून कामाला लावणाऱ्या प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने पुढे त्यांनाच शेतीकडे वळवलं. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या जमिनीतला एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात आधी घराला लागणारं धान्य, डाळी, भाजीपाला लावायचा, आणि खत विकत न आणता घरी करायचं. गांडूळखताचे बेड या कामात घरोघर आले. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांचं नाव या चळवळीमुळे बाहेर पोचलं. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. स्वयंपाकघरातली सालं-देठं थेट, जनावराच्या पोटाला वळसा घालून, मातीकडे जाऊ लागली ती इथे.

बेड सांभाळणं मात्र सोपं नाही. खतासाठी आणलेलं विलायती गांडूळ, आयसेनिया फेटिडा, वरच्या थरात राहतं. आपल्या रानातल्या देशी गांडुळासारखं उन्हाळ्यात खोल जात नाही. एप्रिल-मेच्या उन्हात त्याला सावली आणि ओल्या गोणपाटाचं पांघरूण हवं, म्हणजे प्यायला टँकर येतो त्या दिवसांतही दोन घागरी पाणी त्याच्यासाठी काढायचं. मीठ-तेलाचं उष्टं, लिंबाची सालं, मिरचीची देठं बेडात चालत नाहीत. मुंग्या आणि कोंबड्या टपलेल्या असतात. ताजं शेणही चालत नाही, त्याची उष्णता जायला आठ-पंधरा दिवस ते पसरून ठेवावं लागतं. आणि शेण हवंच. नुसत्या भाजीच्या सालींवर बेड टिकत नाही.

२०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅसची शेगडी बऱ्याच घरांत पोचली. सिलिंडर भरायला पैसे असतील तोवर चुलीचं शेण आणि तुराटी वाचते. फोल्कर यांनी त्याआधी सव्वाशे वर्षं मागितलं होतं ते जळण असं अखेर आलं, पण तोवर गोठा रिकामा झाला होता. आता द्राक्षबागेसाठी आणि उसासाठी शेणखत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने विकलं जातं, आणि एका बेडापुरतं शेणही जनावर नसलेल्या घराला शेजारून आणावं लागतं, कुठे ओळखीवर, कुठे पैसे मोजून.